किसास

हिवाळी टायर घ्यायचे की नाही,
इथून सगळं सुरू झालं.
जुन्यांचे खिळे झिजलेत, एक मोसम जेमतेम निघेल,
आणि ते पत्र आलं तर
गाडीच विकायची आहे.
रांगफ्रिद म्हणाली, थांबू.
तेव्हापासून थांबणं हे घरातलं एक काम झालंय,
भांडी विसळण्यासारखं, रोजचं.

तिच्या कंपनीचे मासे तिकडेही आहेत.
आमच्या बेटाभोवती आहेत तसेच गोल पिंजरे,
गार पाणी, तेच रोग,
चिलीच्या नकाशात पार खाली
जिथे किनाऱ्याच्या चिंध्या होतात, तिथे.
माशांच्या डॉक्टरला काय, ती म्हणते,
मासा कुठल्याच भाषेत कण्हत नाही.
मी सुतार.
मला गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं.

ओस्नेनं घरभर चिठ्ठ्या डकवल्यात.
दार, पुएर्ता. खिडकी, वेन्ताना.
रात्री पाणी प्यायला उठलो
तर माझंच घर अंधारात
मला स्वतःची ओळख करून देत उभं.
माझ्या करवतीवर तिनं लिहिलं, सिएर्रा.
खाली बारीक अक्षरात:
डोंगररांगेलाही हाच शब्द.
मी करवत उजेडाकडे धरून
एक डोळा मिटून दातांवरून नजर फिरवली.
खरंच की.
त्या दिवशी पहिल्यांदा त्या भाषेवर
थोडा जीव बसला.

त्रुल्सच्या पट्ट्यावर पेर्रो लिहून बांधलं होतं.
त्यानं ते खाल्लं.
तेरा वर्षांचा आहे, मागचे पाय ओढतो.
तीन विमानं बदलायची.
ह्याबद्दल आम्ही दोघं बोलत नाही.

आयलेव मात्र विचारतो. चार वर्षांचा आहे.
त्रुल्स येणार? किसास.
माझी घसरगाडी? किसास.
तिथे रात्री अंधार पडतो?
रांगफ्रिद सराव म्हणून
प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर देते:
किसास, कदाचित.
मग बालवाडीच्या बाईंनी मला बाजूला घेतलं.
आयलेव सगळ्यांना सांगतोय म्हणे,
आम्ही किसासला चाललो,
किसासमध्ये नाताळ उन्हाळ्यात येतो,
किसासमध्ये म्हातारी कुत्री पळतात.
नेमकं कुठे आलं हो हे?
दक्षिणेला, मी म्हणालो.

माझे वडील, ओडवार, शेजारीच राहतात.
त्यांनी ह्या विषयावर चकार शब्द काढलेला नाही.
एवढंच विचारतात,
उत्तरेची भिंत यंदा रंगवतोयस ना?
शनिवारी ओस्नेनं त्यांच्या लोकरी सदऱ्यावर
आबुएलो चिकटवलं.
ते तसेच दुकानात गेले, तसेच धक्क्यावर.
कुणी विचारलं तर म्हणाले,
पोरीचं अक्षर आहे.
सोमवारी आले. म्हणाले, ते पडलं वाटतं कुठेतरी.
दुसरं दे.

मेमध्ये पत्र आलं.
निर्णय शरद ऋतूपर्यंत लांबला आहे, क्षमस्व.
रांगफ्रिदनं दोनदा वाचलं.
इकडचा शरद की तिकडचा?
मधे सहा महिन्यांचं अंतर आहे.
कुणाला फोन करून हे विचारावं,
असं दोघांनाही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा बादली घेऊन आले,
कोंब फुटलेले बटाटे.
उशीर झालाय, पण लावू.
वाफ्यात वाकल्या वाकल्या म्हणाले,
हे तिकडचेच ना मुळात?
मी म्हणालो, असं म्हणतात.
मग रुजतात की कुठेही, ते पुटपुटले,
आणि लगेच, जणू जास्तच बोलून गेले,
माझ्या कुदळीचा दांडा सैल आहे म्हणून
माझ्यावर डाफरले.

ओस्ने ओट्यावर बसून पाठ करत होती.
बाबा, सकाळ म्हणजे मान्याना
आणि उद्या म्हणजेही मान्याना,
हे तर आपल्यासारखंच!
तिला वाटतंय, अर्धी भाषा झाली.

उत्तरेची भिंत मी खरवडून ठेवलीय.
रंगाचा डबा आणलाय, झाकण उघडलेलं नाही.
तिच्यावरही चिठ्ठी होती, पारेद.
पावसानं शाई गेली.
कोरा कागद तेवढा
अजून घट्ट धरून आहे.